वाचकांचे प्रश्न : आंदोलनांची नोंद ठेवायची कशी?

मराठवाड्यातल्या आंदोलनांची आकडेवारी गोळा करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली. काही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची आहेत, काही कार्यकर्त्यांची. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत. नावं छापलेली नाहीत.

दुष्काळाच्या काळातल्या (२०१२ ते २०१६) पाणीप्रश्नावरच्या आंदोलनांवर प्रबंध करतो आहे. एकाच गावचे लोक सकाळी हंडा मोर्चा काढतात, दुपारी तहसीलसमोर ठिय्या देतात आणि संध्याकाळपासून त्यातले दोघं उपोषणाला बसतात. ही तीन आंदोलनं धरायची की एक?
— संशोधक विद्यार्थी, लातूर

दोन धरा. मोर्चा तहसीलवर गेला आणि तिथेच लोक बसले, म्हणजे लोक तेच, मागणी तीच आणि मधे खंड नाही. अशा वेळी नोंद एकच करायची आणि ‘प्रकार १’ मध्ये मोर्चा, ‘प्रकार २’ मध्ये ठिय्या लिहायचं. उपोषण मात्र वेगळं. त्यात बसणारे दोघंच आहेत, ते पुढे काही दिवस चालणार आहे आणि त्याचा शेवटही वेगळा होणार आहे. या दोन्ही नोंदींना एकच मोहीम क्रमांक द्या, म्हणजे पुढे मोहिमा मोजायच्या झाल्या तर त्याही मोजता येतील.

उपोषणाची एकच ओळ ठेवा, पण सुरुवातीची आणि शेवटची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. साखळी उपोषणालाही हाच नियम लावा, रोज माणसं बदलली तरी. उलट, त्याच उपोषणाला पाठिंबा म्हणून चाळीस गावांनी रास्ता रोको केला, तर चाळीस ओळी होतील. हा नियम पहिली नोंद करण्याआधी कागदावर लिहून ठेवा. अर्ध्यात नियम बदलला की आधीच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतात, आणि ते सहसा कोणी करत नाही.

रकाने किमान एवढे हवेत: घटनेची तारीख (सुरुवात आणि शेवट), बातमीची तारीख, गाव, तालुका, जिल्हा, जनगणनेतला गावाचा संकेतांक, प्रकार १ व २, मागणी बातमीतल्याच शब्दांत, मागणीचा संकेतांक, रोख कोणाकडे (ग्रामपंचायत, तहसीलदार, महावितरण, विमा कंपनी, राज्य सरकार), आयोजक, सहभागींचा किमान आणि कमाल आकडा, तो आकडा कोणी सांगितला, पोलिसांनी काय केलं, शेवट कसा झाला, वृत्तपत्र, आवृत्ती, पान. गावाचा संकेतांक टाळू नका. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव ही नावं मराठवाड्यात तालुक्यागणिक सापडतात आणि बातमीत अनेकदा तालुका दिलेलाच नसतो.

‘शेवट कसा झाला’ हा रकाना आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि बहुतेक अभ्यासांत तोच रिकामा असतो. आपल्याकडची निम्मी कहाणी ‘लेखी आश्वासनानंतर उपोषण मागे’ या ओळीत असते. आश्वासन तोंडी की लेखी, कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने दिलं, मुदत किती, एवढं टिपलं की सहा महिन्यांनी तेच लोक त्याच मागणीसाठी परत बसले का, हे तपासता येतं.

इशाऱ्यांसाठी वेगळा तक्ता करा. ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ ही ओळ जवळजवळ प्रत्येक निवेदनाच्या शेवटी असते आणि बातमीतही तशीच छापून येते. आंदोलन झालंच असं नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि आपल्याकडे खास करून १७ सप्टेंबर या तारखांच्या आधी इशाऱ्यांचा पाऊस पडतो, कारण झेंडावंदनाला पालकमंत्री येतात आणि मुक्तिसंग्राम दिनाला तर मुख्यमंत्री संभाजीनगरात असतात. इशारे आणि घटना एकाच तक्त्यात मिसळले तर ऑगस्ट आणि सप्टेंबर महिने खोटे फुगतात.

लातूरसाठी आणखी एक गोष्ट. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली जमावबंदी लागू झाली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे सुरू झाली. त्या आठवड्यांत टँकर भरण्याच्या जागी आंदोलनं कमी दिसली तर रोष कमी झाला असा निष्कर्ष काढू नका. बंदी आणि पाणी या दोन्ही गोष्टी एकाच काळात आल्या आहेत, म्हणून दोन्हींचे दिवस वेगळे नोंदवा. महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खालच्या आदेशांची गोष्ट निराळी. पंधरा पंधरा दिवसांचे ते आदेश कुठल्या ना कुठल्या सणाच्या किंवा जयंतीच्या निमित्ताने इतक्या वेळा निघतात, की ‘जमावबंदी होती का’ या रकान्यात जवळपास सगळीकडे ‘हो’ येतं. त्यातून काहीच कळत नाही.

कोणती वृत्तपत्रं घ्यावीत? मार्गदर्शकांनी एका मोठ्या दैनिकाचा ई-पेपर पुरे म्हटलं आहे.
— पीएच.डी. विद्यार्थिनी, परभणी

एक दैनिक पुरणार नाही, आणि मुख्य आवृत्ती तर नाहीच. मोठ्या दैनिकांच्या मुख्य अंकात जिल्ह्याच्या मोर्चाची बातमी आलीच तर चार ओळींची येते. तहसीलसमोरचं धरणं, वीज उपकेंद्रातला ठिय्या, पाण्याच्या टाकीवर चढून केलेलं शोले स्टाइल आंदोलन, हे सगळं जिल्हा पुरवणीत असतं. ई-पेपर उतरवून घेताना पुरवणी वेगळ्या नावाखाली असते आणि ती राहून जाते. म्हणून आधी एका आठवड्याचे छापील अंक ग्रंथालयात बघा, पानं मोजा आणि ई-पेपरमध्ये तेवढीच पानं मिळतात का ते पडताळा.

आमची शिफारस अशी: जिल्हा पुरवणी असलेली दोन मोठी दैनिकं, त्या जिल्ह्यातून निघणारं एक स्थानिक दैनिक, आणि विषय मुस्लिम वस्त्यांशी किंवा वक्फ, आरक्षण, नागरिकत्व यांच्याशी संबंधित असेल तर एक उर्दू दैनिक. संभाजीनगर, नांदेड, परभणी, बीड या जिल्ह्यांत उर्दू वाचणारा सहकारी नसेल तर एक अख्खा आवाज नोंदीतून गळतो.

वृत्तपत्रातून दोन तऱ्हेची चूक येते. पहिली निवडीची, म्हणजे कोणतं आंदोलन छापलं जातं. मोठं, रस्ता अडवणारं, दगडफेक झालेलं, पुढाऱ्याची उपस्थिती असलेलं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी झालेलं आंदोलन छापून येण्याची शक्यता जास्त. ज्या तालुक्याला वार्ताहर नाही तो तालुका शांत दिसतो. दुसरी चूक वर्णनाची: आकडा, मागणी, दोष कोणाचा. संशोधकांचा अनुभव असा की तारीख, जागा, प्रकार असे कोरडे तपशील वृत्तपत्रं बऱ्यापैकी बरोबर देतात. भरवसा कमी आहे तो निवडीवर. म्हणून ‘हिंगोलीपेक्षा संभाजीनगरात आंदोलनं जास्त होतात’ असं लिहिण्याआधी दोन गोष्टी करा. लोकसंख्येने भागा (२०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्हा ११.७७ लाख, तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा ३७.०१ लाख) आणि त्या जिल्ह्यासाठी पुरवणीची किती पानं होती तेही नोंदवा.

सगळे अंक वाचणं शक्य नसेल तर नमुना घ्या, पण परदेशी पद्धत उचलू नका. पश्चिम युरोपातल्या एका गाजलेल्या अभ्यासात फक्त सोमवारचे अंक वाचले होते, कारण तिथे मोर्चे शनिवारी-रविवारी निघतात. आपल्याकडे धरणं कार्यालय उघडं असतं त्या दिवशी असतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, त्याची बातमी मंगळवारी येते. शिवाय २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्यामुळे त्याआधीचा आणि नंतरचा शनिवार सारखा नाही. त्यापेक्षा दर महिन्याचे सलग सात अंक चिठ्ठी काढून निवडा.

तारखेचा घोळ हमखास होतो. बातमीत ‘सोमवारी’ लिहिलेलं असतं, त्यावरून कॅलेंडर बघून तारीख काढा. अंकाची तारीख घटनेची तारीख म्हणून लिहू नका. बहुतेक मराठी दैनिकांचा अंक १६ ऑगस्टला आणि २७ जानेवारीला निघत नाही. त्यामुळे झेंडावंदनाच्या दिवशीची आंदोलनं १७ ऑगस्टच्या आणि २८ जानेवारीच्या अंकात, दोन दिवसांच्या बातम्यांच्या गर्दीत, कापून-छाटून येतात. नेमके हेच दिवस आंदोलनांचे असल्याने हे दोन अंक स्वतंत्रपणे, सगळ्या वृत्तपत्रांचे बघा.

शोधशब्दांची यादी गावच्या भाषेतून करा: मोर्चा, धरणे, ठिय्या, घेराव, उपोषण, रास्ता रोको, चक्का जाम, बंद, टाळे ठोको, बोंबाबोंब, हलगीनाद, थाळीनाद, मुंडण, पुतळा दहन, जोडे मारो, गावबंदी, जलसमाधी, अर्धनग्न, आक्रोश, मशाल. ‘आंदोलन’ एवढाच शब्द टाकला तर यातलं बरंच हाती लागत नाही. आणि ई-पेपरचा दुवा टिकेल यावर विसंबू नका. पानाची प्रत जपून ठेवा.

आयोजक एक लाख म्हणतात, पोलिस वीस हजार. खरा आकडा काढता येतो का?
— प्राध्यापक, बीड

अंदाज काढता येतो, आणि तो पल्ल्यातच सांगायचा. थांबलेल्या गर्दीसाठी क्षेत्रफळाची पद्धत वापरा. नकाशावर रस्त्याचा भरलेला भाग मोजा. समजा ६०० मीटर लांब, १५ मीटर रुंद. म्हणजे ९,००० चौरस मीटर. दुभाजक, व्यासपीठ, उभ्या गाड्या यांसाठी साधारण १५ टक्के वजा करा, ७,६५० उरतात. आता दाटी सगळीकडे सारखी नसते. व्यासपीठाजवळच्या तृतीयांशात चौरस मीटरला ३ माणसं, मधल्यात २, शेवटच्यात १ धरली तर २,५५० गुणिले ६, म्हणजे सुमारे १५,३००. लिहिताना ‘१३ ते १८ हजार’ लिहा. चौरस मीटरला ४ म्हणजे खांद्याला खांदा. त्यापुढे माणसाला पाय उचलणं अवघड होतं. कोणाच्या आकड्यातून चौरस मीटरला ८ माणसं निघत असतील तर तो आकडा पटण्यासारखा नाही, एवढं म्हणता येतं.

चालत्या मोर्चासाठी ही पद्धत चुकते, कारण पुढचे पोचलेले असतात आणि मागचे निघायचे असतात. तिथे एका ठरलेल्या रेषेवरून जाणारे लोक मोजा: दर पाच मिनिटांतलं एक मिनिट. मिनिटाला सरासरी १५० आणि मोर्चा सरायला ७० मिनिटं, तर १०,५००. हीच मोजणी दोन ठिकाणी करा. संभाजीनगरात क्रांती चौकातून विभागीय आयुक्त कार्यालयाकडे जाणारा मोर्चा असेल तर एक माणूस सुरुवातीजवळ आणि एक दिल्ली गेटच्या बाजूला. वाटेत सामील होणारे आणि गळणारे दोन आकड्यांच्या फरकातून दिसतात. मोजणारा जमिनीवर नको, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत हवा.

बायकांचं प्रमाण काढायचं असेल तर फक्त सुरुवातीचे फोटो घेऊ नका. २०१६ च्या मराठा मूक मोर्चांत पुढे मुली आणि महिला, मागे पुरुष अशी रचना होती. पुढच्या फोटोवरून मोजलं तर प्रमाण भलतंच येईल.

बातमीत ‘शेकडो’, ‘हजारो’, ‘मोठ्या संख्येने’ असं असेल तर शब्द जसाच्या तसा लिहा आणि आकड्याचा रकाना रिकामा सोडा. ‘शेकडो’ म्हणजे ३०० असं मनाने ठरवलेले आकडे पुढे सरासरीत मिसळतात आणि मग ओळखू येत नाहीत.

आंतरराष्ट्रीय संस्थांची तयार आकडेवारी चालेल का?
— एम.ए. समाजशास्त्र, जालना

राज्यांची तुलना करायला चालेल, तालुक्यांची नाही. जगभरच्या संघर्षांच्या आणि निदर्शनांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘ॲक्लेड’ या प्रकल्पाची भारतातली नोंद २०१६ पासून मिळते. माणसं बातम्या वाचून ती भरतात, शांततापूर्ण निदर्शन, पोलिसांचा हस्तक्षेप झालेलं निदर्शन आणि हिंसक जमाव असे प्रकार वेगळे असतात, आणि जागा व तारीख किती नेमकी आहे याचेही संकेतांक दिलेले असतात. ते आधी बघा. ‘जागा अंदाजे’ असलेली नोंद गावाच्या नकाशावर टाकू नका. दुसरं, त्यांच्याकडे प्रत्येक दिवस स्वतंत्र नोंद असतो. दहा दिवसांचं धरणं तुमच्याकडे एक ओळ असेल, त्यांच्याकडे दहा. दोन्ही एकमेकांत मिसळलं तर बेरीज चुकते.

‘जीडेल्ट’ हा जगभरच्या बातम्यांतून घटना टिपणारा दुसरा संग्रह संपूर्ण यंत्राने भरलेला आहे. एक घटना दहा संकेतस्थळांवर छापली गेली की ती अनेकदा मोजली जाऊ शकते. शिवाय औरंगाबाद बिहारमध्येही आहे आणि यंत्र दोघांची गल्लत करतं. २०२३ नंतर जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, पण ‘संभाजीनगर’ नावाच्या वसाहती कोल्हापुरात आणि पिंपरी-चिंचवडमध्येही आहेत. शोधताना जुनं आणि नवं दोन्ही नावं टाका, धाराशिव आणि उस्मानाबादचंही तसंच. मग प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासा.

पोलिस संशोधन आणि विकास ब्युरो पोलिस दलांवरच्या आपल्या वार्षिक आकडेवारीत राज्यवार आंदोलनांची संख्या देत आला आहे: राजकीय, सांप्रदायिक तणावाची, कामगारांची, विद्यार्थ्यांची, सरकारी कर्मचाऱ्यांची वगैरे. जिल्हा त्यात नाही, आणि प्रत्येक राज्याचं पोलिस दल ‘आंदोलन’ कशाला म्हणतं ते एकसारखं नाही.

माहिती अधिकारात पोलिसांकडून यादी मागितली, ‘तपासात बाधा येईल’ म्हणून नाकारली.
— संशोधक, नांदेड

बहुधा अर्ज फार मोठा झाला. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा हवा, शुल्क १० रुपये. ‘सर्व आंदोलनांची संपूर्ण माहिती’ असं लिहिलं की गुन्ह्यांची कागदपत्रंही त्यात येतात आणि कलम ८(१)(ज) खाली नकार द्यायला जागा मिळते. असं लिहा: ‘१ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२२ या काळात अमुक पोलिस ठाण्यात धरणे, मोर्चा, उपोषण, रास्ता रोको याबाबत आलेल्या अर्जांची तारीख, नियोजित ठिकाण, प्रकार आणि परवानगी दिली की नाकारली, एवढीच माहिती द्यावी. अर्जदारांची नावे नकोत.’ एक ठाणं, एक वर्ष, एक अर्ज. असाच अर्ज तहसील कार्यालयाला त्यांच्या आवक नोंदवहीसाठी करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

मिळालेली यादी म्हणजे परवानगीच्या अर्जांची यादी, घटनांची नव्हे. परवानगी घेऊन न झालेली आंदोलनं तिच्यात आहेत, न विचारता झालेला रास्ता रोको नाही. म्हणून ती वृत्तपत्राच्या नोंदींशी जुळवा. उदाहरणार्थ, वृत्तपत्रांत १२० घटना, पोलिसांच्या यादीतल्या प्रत्यक्ष झालेल्या ९०, आणि दोन्हीकडे सापडलेल्या ६०. तर एकूण अंदाज १२० गुणिले ९० भागिले ६०, म्हणजे १८०. पण हे सूत्र दोन्ही याद्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरून चालतं. आपल्याकडे निवेदनाची एक प्रत ठाण्याला आणि एक पत्रकाराला जाते, म्हणून सामाईक आकडा फुगतो आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. १८० ला ‘किमान’ म्हणा.

गुन्ह्यांवरून पोलिस कारवाई मोजणार असाल तर १ जुलै २०२४ ची रेघ लक्षात ठेवा. त्याआधी भारतीय दंड संहितेची कलमं १४३, १४७, १४९, १८८, ३४१. त्यानंतर भारतीय न्याय संहितेची १८९, १९१, १९०, २२३, १२६. फक्त जुनी कलमं शोधली तर कारवाई एकाएकी थांबल्यासारखी दिसते.

आमच्या संघटनेकडे आंदोलनांचे फोटो, हजेरीपत्रकं, व्हिडिओ आहेत. संशोधकाला द्यावेत का? आणि आंदोलकांची जात नोंदवावी का?
— कार्यकर्ता, धाराशिव

द्या, पण मूळ स्वरूपात नको. हजेरीपत्रकातल्या नावांच्या जागी क्रमांक घाला आणि नाव-क्रमांकाची यादी संघटनेकडेच, वेगळ्या ठिकाणी ठेवा. फोटोतले चेहरे धूसर करा, फोटोच्या फाइलमध्ये दडलेला जागेचा तपशील काढून टाका. पोलिस भरतीची तयारी करणारी कितीतरी पोरं आंदोलनांत असतात. चारित्र्य पडताळणीत एक जुना फोटो त्यांना नडू शकतो. अभ्यासासाठी त्यांचा चेहरा लागत नाही. लहान गावात ‘सरपंचाची मुलगी, वय २२’ एवढं लिहिलं तरी माणूस कळतो, म्हणून गावपातळीवरचे असे तपशील छापताना तालुक्याचंच नाव द्या.

जात आडनावावरून कधीही भरू नका. मराठवाड्यात पवार, जाधव, गायकवाड, चव्हाण ही आडनावं अनेक जातींत आहेत. आयोजकाने फलकावर किंवा निवेदनात स्वतः जे नाव लावलं तेच ‘आयोजकाची जाहीर ओळख’ या रकान्यात लिहा. ‘सकल’, ‘सर्वपक्षीय’, ‘समस्त गावकरी’ असं असेल तर तेच. २०२३ पासून अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री, दोन्ही जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातली, मराठा आणि ओबीसी आरक्षणाच्या उपोषणांमुळे चर्चेत आली. अशा ठिकाणी तुमच्या अंदाजाने भरलेली जात उद्या कोणाच्या तरी हातात पुरावा म्हणून जाईल.

आम्ही दोघी मिळून नोंदी करतो, पण आमच्या नोंदी जुळत नाहीत.
— विद्यार्थिनी, अंबाजोगाई

तीच ५० कात्रणं दोघींनी वेगवेगळी, एकमेकींना न विचारता भरा. मग रकान्यागणिक जुळणी मोजा. नुसती टक्केवारी नको, कोहेनचा कॅपा किंवा क्रिपेनडॉर्फचा अल्फा काढा (योगायोगाने झालेली जुळणी वगळून खरी जुळणी किती, ते सांगणारी ही मापं). ०.८ च्या वर असेल तर पुढे चला, ०.६७ च्या खाली असेल तर नियम पुन्हा लिहा. घोळ बहुतेक वेळा मागणीत असतो: पीकविमा, कर्जमाफी, भारनियमन, गावचा रस्ता, सगळं एकाच निवेदनात. निवेदनातल्या क्रमाने पहिल्या तीनच मागण्या घ्या.

नामांतर आंदोलनाच्या काळातले जिल्हावार आकडे आजच्या जिल्ह्यांशी कसे जुळवायचे?
— इतिहासाचे शिक्षक, हिंगोली

नामांतराचा ठराव जुलै १९७८ चा, विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. या मधल्या काळात जालना जिल्हा १९८१ मध्ये आणि लातूर १९८२ मध्ये झाला. हिंगोली तर १९९९ मध्ये. त्यामुळे १९७८ च्या बातमीतला ‘परभणी जिल्हा’ म्हणजे आजचे परभणी आणि हिंगोली, शिवाय जालन्यात गेलेला परतूर तालुका. आकडे जिल्ह्यावरून वाटून देऊ नका. गावाचं नाव मिळवा, गावावरून आजचा तालुका ठरवा, आणि तक्त्यात ‘तेव्हाचा जिल्हा’ व ‘आजचा जिल्हा’ असे दोन रकाने ठेवा. ज्या बातमीत फक्त जिल्ह्याचं नाव आहे तिचा दुसरा रकाना रिकामा राहू द्या.